आप्पांचे ताजे धपाटे

“हॅलो?… हां राजी, बोल… पोचलीस का मांजरसुंब्याला? लवकर पोचली की गाडी… आमी? आमी मजेत हाव. जेवणंखाणं झाली सगळी… हां, झाली म्हणतोय ना.”

बजरंगनं हे सगळं एका दमात ठोकून दिलं. ठोकताना तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. समोर गॅस बंद, तवा खिळ्याला, परात पालथी, आणि भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून दहा मिनिटं. खोटं बोलायला लागणारी सफाई या माणसाच्या अंगात चौदा वर्षांच्या संसारात एकदाही दिसली नव्हती, ती आजच कुठून उगवणार?

“काय जेवलो म्हंजे?… भाकरी. भाकरी आन् भाजी… कशाची काय, भाजीची भाजी… मंजुळाबाईनं केल्या ना भाकरी. हां, आलती. गेली करून… अगं ऐक ना, तू काय खाल्लं तिथं ते सांग आधी.”

मंजुळाबाई आलीच नव्हती. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या या बाईला बजरंगची बायको राजनंदिनी जाताना दोनदा बजावून गेली होती. सहाला या, सहा भाकरी टाका, साडेसातच्या आत आप्पांचं ताट वाढा. मंजुळाबाईनं मान हलवली होती. पण तिची म्हैस दुपारी चारपासून विताना अडली होती आणि अडलेली म्हैस सोडून धर्मापुरीत कोणी शेजाऱ्याच्या भाकरी टाकायला जात नाही. बजरंग आपला “आता येईल, आता येईल” करत गोठा आणि ओसरी यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत राहिला होता. मदतीला येणारी बाई आली नाही तर आपणच तवा ठेवावा, हा विचार त्याच्या डोक्याच्या आसपासही फिरकला नव्हता.

“आई!” आतल्या खोलीतून रोहिणी ओरडली. दहा वर्षांची पोर, भुकेनं कावलेली. “मंजुळाआजी आलीच न्हाई! मला लई भूक लागलीय!”

“…न्हाई, न्हाई, टीव्हीचा आवाज हाय तो… रोहिणीसारखा? असंल. मालिकेत एक पोरगी हाय तशीच…”

पण लेकीचा आवाज राजनंदिनीनं बरोबर ओळखला होता.

“…हां. न्हाई आली. म्हैस अडलीय तिची… न्हाई, कोणीच न्हाई जेवलं… आप्पा? आप्पा हायेत की. बसलेत ओसरीवर… इंजेक्शन? घेतलं ना. सातला घेतलं… मी न्हाई दिलं, त्यांनी आपल्या हातानं घेतलं. मी गोठ्यात गेलतो. येऊन बघतोय तर घेऊन बसले… अगं वरडू नको. मला कळतंय. साडेसातच्या आत पोटात काहीतरी गेलं पायजे, म्हाईत हाय मला.”

आप्पांना, म्हणजे बजरंगच्या वडिलांना, साखरेचा आजार होऊन नऊ वर्षं झाली होती. सातला इन्सुलिन आणि साडेसातच्या आत ताट, हा घरचा नेम. दोन्ही राजनंदिनीच्या हातचं. आज सात वाजले तसे आप्पा उठले, फ्रिजमधून सुई काढली, पोटात टोचली आणि बाजेवर येऊन बसले. बसल्यावर त्यांनी जाहीर केलं की घरात बाई नसताना आपण जेवत नसतो. आप्पा म्हणजे पंचायत समितीचे माजी सभापती. कालव्याच्या पाण्यासाठी तहसीलीपुढं तीन वेळा उपोषणाला बसलेला माणूस. न जेवता समोरच्याला कसं जेरीस आणायचं, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

“बिस्कीट दिलं. न्हाई घेतलं… दूध बी दिलं. कप तसाच हाय. भिंतीकडं तोंड करून बसलेत… हां, साखर ठेवतो खिशात. ठेवली. बघ, पुडी बांधून ठेवली… राजी, तू तिथं खाली बस आधी. खुर्ची घे… उभी कावून हायेस?… काय बघायलीस?… कुठली गाडी?”

आणि इथं बजरंगनं फोन कानाशी घट्ट धरला.

“न्हाई. आंबाजोगाईच्या गाडीकडं बघू बी नको. ती तुझी गाडी न्हाई. तुझी पुण्याची… सुटू दे सुटायली तर! ती सुटली का सुटली, इषय संपला… पर्स कावून उचललीस? आवाज आला मला. ठेव खाली.”

परळीहून पुण्याला जाणारी गाडी मांजरसुंब्याच्या ढाब्यावर पाऊण तास थांबते, आणि रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला परतीच्या गाड्या लागतात. रस्ता ओलांडला की माणूस दहाच्या आत घरी. राजनंदिनी गेल्या वर्षी केजवरून अशीच परत आली होती. अकरा वर्षं अंगणवाडी चालवणारी बाई. पर्यवेक्षिकेच्या परीक्षेला निघालेली. तेव्हाही आप्पा जेवत नव्हते, आणि “आप्पा जेवत न्हाईत, काय करू?” असा फोन खुद्द बजरंगनंच केला होता. ती आली, हातपाय धुतले, भाकरी टाकल्या. आप्पांनी दोन खाल्ल्या आणि झोपले. घरात कोणी त्यावर एक शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी पुण्यात परीक्षा झाली, तिच्याशिवाय. या वर्षीची परीक्षा उद्या सकाळी दहाला होती आणि पुढच्या वर्षी ती वयात बसत नव्हती. त्या गेल्या वर्षीच्या फोनची बजरंगला लाज वाटायची. कोणापाशी बोलला नव्हता, पण वाटायची.

“राजी, ऐक. गेल्या साली फोन म्या केलता. आज न्हाई केला, आज तू केलास. मंग आता मला करू दे काय करायचं ते. तू फक्त सांग… हां, तोंडानं सांग, मी हातानं करतो… येतं न येतं मागून बघू.”

त्यानं फोन खांदा आणि कान यांच्यात चेपला आणि फ्रिज उघडला. फोनवर समोरच्याचं वाक्य मोठ्यानं परत म्हणायची त्याची जुनी खोड होती. एरवी राजनंदिनी त्यावरून चिडायची.

“वरण हाय… कालचं. वडी पडलीय त्याची… भात हाय, दोन वाट्या असंल… मेथीची भाजी. ती बी कालची… भाकरी दोन, वाळून खुळखुळा झाल्यात… दही हाय. बास. अगं पर हे आप्पाला कसं देऊ? कालची भाजी ताटात दिसली तर ताट सरकवतात ते. तुला काय नवीन सांगायचं?… काय करू म्हणलीस?”

तो थांबला. फ्रिजचं दार उघडंच राहिलं.

“धपाटे?… ह्याचे?… वरणाचे?… थांब, थांब. गुरुवारचे धपाटे?… ते ह्याचे असतात?”

गुरुवारचे धपाटे ही आप्पांची शान होती. सोयरे येवोत, कारखान्याचे संचालक येवोत, जुने कार्यकर्ते येवोत, आप्पा गुरुवारीच बोलवायचे. “आमच्यात शिळ्याला शिवत न्हाईत. सूनबाईच्या हातचे ताजे धपाटे खाऊन जा,” हे वाक्य ठरलेलं. माणसं बोटं चाटत जायची. अर्जुनराव नावाचे एक गृहस्थ तर डबा भरून घेऊन गेले होते. आणि या साऱ्या मानपानाच्या बुडाशी बुधवारचं उरलेलं वरण होतं, हे घरच्या थोरल्या मुलाला आज कळत होतं.

“चौदा वर्षं?” आता त्याचा आवाज आपोआप खाली आला. त्यानं ओसरीकडं डोकावून बघितलं. आप्पांची पाठ होती तशीच होती. “मला बी तेच?… आन् मी वाढून वाढून घ्यायलतो… कोणी शिकवलं तुला?… आईनं?… लग्नाच्या पाचव्या दिवशी?… म्हंजे आईच्या बी हातचे… अरे देवा.”

त्याची आई, गीताबाई, जाऊन चार वर्षं झाली होती. गेलेल्या माणसाबद्दल नवीन काही कळेल असं त्याला वाटलं नव्हतं. क्षणभर त्याला आई तव्यापाशी उभी दिसली, पदर तोंडाला लावून हसणारी. मग घड्याळ दिसलं. सव्वासात.

“न्हाई सांगत! आप्पाला कशाला सांगीन? मला काय हौस हाय का?… बोल, परात घेतली… वरण टाकलं. भात टाकला. भाजी… सगळी?… सगळी टाकली. हातानं कुस्करायचं? चमच्यानं न्हाई?… बरं. कुस्करलं… जवारीचं पीठ कोणत्या डब्यात?… निळ्या… त्याच्यात साबण हाय… हां, दुसरा निळा. घावलं. किती?… अंदाजानं? माझा काय अंदाज असणार राजी? वाट्यात सांग… तीन वाट्या. मूठभर बेसन. मूठभर गव्हाचं… ओवा. तीळ. हळद. लसूण मिरची ठेचून… ठेचतो, थांब… रोहिणी! जा, आजोबापाशी बस. घाम आलाय का बघ त्यांना.”

खलबत्त्याचा आवाज घरभर झाला. ओसरीवरून खोकल्याचा आवाज आला. आप्पांचा तो खोकला आजारपणाचा नव्हता, निषेधाचा होता.

“न्हाई आलाय घाम,” रोहिणीनं येऊन सांगितलं. “आजोबा म्हणतात, मला काही होत न्हाई, तुझ्या बापाला म्हणावं भांडी आपटू नको.”

“…न्हाई आलाय. ठीक हायेत, वरडायलेत… हां, पाणी घातलं… घालायचं नव्हतं? आत्ता सांगायलीस?… तांब्याभर. न्हाई, अर्धा तांब्या… पातळ झालंय. लई पातळ. हाताला लोंबायलंय नुसतं… पीठ घालू अजून?… घातलं… अजून घातलं… आता गोळा झाला. हां, झाला. हसू नको, झाला म्हणतोय ना.”

ती हसली होती. या फोनमधलं तिचं हे पहिलं हसणं, आणि बजरंगला त्यानं एवढं बळ आलं की त्यानं तवा खिळ्यावरून काढून गॅसवर ठेवला आणि दुसऱ्या शेगडीवर कढईही चढवली. वाळक्या भाकरी तिनं सांगितल्या तशा त्यानं मुठीत चुरल्या, कांदा फोडणीला टाकला, हिरवी मिरची टाकली आणि पाण्याचा हबका मारून झाकण ठेवलं.

“ते रोहिणीला होईल… हां, शेंगदाणे टाकतो. आता धपाटा. ओल्या फडक्यावर थापायचा. फडकं भिजवलं… थापायलो… चिटकायलंय गं. सगळं चिटकायलंय. लव लागायलीय पिठाला… कोणतं फडकं? घेतलंय एक. नवं हाय, घडी मोडून घेतलं. कपाटात आहेराचा गठ्ठा हाय ना, त्यातला टॉवेल…”

त्या कपाटात टॉवेल-टोप्यांची चळत होती. आप्पांना जिल्ह्यातलं एक लग्न चुकत नसे आणि प्रत्येक लग्नातून आहेराचा टॉवेल घरी येई. इतके टॉवेल होते की कोणी मोजत नव्हतं. स्वच्छ, नवं, कोरं काही हवं असलं की या घरातल्या पुरुषांचा हात त्याच चळतीवर जायचा. बजरंगला वाटलं होतं, खायची वस्तू आहे तर नवंच कापड घ्यावं. गुलाबी फुलांचा तो जाड टॉवेल आता मेथी आणि हळदीनं माखून परातीत पडला होता आणि धपाटा त्यातून सुटायला तयार नव्हता.

“लव असलेलं चालत न्हाई? मला काय ठाऊक!… मंग कोणतं?… कुठं?… पिठाच्या डब्यामागं, खुंटीला… हां, हाय एक. हिरवं. मऊ हाय… हे?… हे आईच्या लुगड्याचं हाय का?”

त्यानं ते फडकं हातात धरलं. धुऊन धुऊन विरलेलं, काठाला थोडा लाल पट्टा उरलेला. रोज त्याच्या डोळ्यांसमोर लटकत असणार. एकदा पाऊस पडताना त्यानं मोटारसायकलची सीट पुसायला ते ओढलं होतं आणि राजनंदिनीनं हिसकावून परत खुंटीला लावलं होतं. का, ते त्यानं विचारलं नव्हतं.

“भिजवलं. पिळलं… गोळा ठेवला… थापायलो. बोटं ओली करून, हां… सरकायलंय राजी! गोल न्हाई झाला, पर सरकला… मधी भोकं पाडतो. पाच?… पाडली. आता पालथा टाकू तव्यावर… फडकं हळू काढतो… हळू… फाटला. अर्धा फडक्यालाच राहिला… तेल भोकात सोडलं. जाळ? जाळ मोठा हाय… बारीक केला.”

पहिला धपाटा दोन तुकड्यांत भाजला. दुसरा सरळ आला, पण एका बाजूनं करपला. साडेसातला दोनच मिनिटं कमी होती. बजरंगच्या पाठीवर घामाची धार लागली होती, कानाशी फोन गरम झाला होता आणि फोनला मेथी लागली होती. तिसरा मात्र तव्यावर पडला, कडेनं सुटला आणि लसणाचा असा काही वास उठला की बजरंग नुसता बघत राहिला. हा वास त्याच्या ओळखीचा होता. गुरुवारचा.

“पप्पा, भारी झालीय फोडणीची भाकर,” रोहिणी ताटलीतून डोकं वर न काढता म्हणाली.

“ऐकलंस?… न्हाई, टीव्ही न्हाई, ही खरंच रोहिणी हाय… हां, दही घेतलं, शेंगदाण्याची चटणी घेतली. ताट नेतो आप्पाकडं… फोन चालू ठेवू?… चालू ठेवतो. तू मात्र उठू नको. राजी? गाडी सुटायलीय का कोणती?… आंबाजोगाईची? मंग सुटू दे ना गं तिला, पाया पडतो तुझ्या!”

तो ताट घेऊन ओसरीवर आला. खांद्यावर ते ओलं हिरवं फडकं तसंच होतं. आप्पा भिंतीकडं तोंड करून बसले होते. त्यांनी मान वळवली नाही. पण बाजेच्या कडेला धरलेली त्यांची बोटं थरथरत होती, बारीक, सारखी, आणि बजरंगला ती दिसली.

“आप्पा, जेवा.”

“सूनबाई आली का?”

“न्हाई.”

“मंग नेऊन ठेव ते.”

“…तू बोलू नको राजी, मी बोलतो,” बजरंग फोनमध्ये म्हणाला. मग त्यानं फोन कानापासून थोडा लांब धरला. आप्पांसमोर आवाज चढवायची त्याला सवय नव्हती, पंचेचाळिशीला आला तरी. आज आवाज कसा निघाला, त्याचं त्यालाच कळलं नाही. “आप्पा, ती मांजरसुंब्यात उभी हाय. समोर परतीची गाडी लागलीय. तुमी न्हाई जेवलात तर ती त्या गाडीत बसंल. गेल्या साली म्याच तिला परत बोलावलं. आज न्हाई बोलावणार. तुमचा हात कापायलाय, ते मला दिसतंय. तुमाला जीपमधे घालून परळीला दवाखान्यात नेईन. पर तिला न्हाई बोलावणार.”

त्यानं ताट बाजेवर आप्पांच्या हाताशी ठेवलं.

आप्पांनी मान वळवली. पोराकडं बघितलं, ताटाकडं बघितलं, आणि मग त्यांची नजर पोराच्या खांद्यावर थांबली.

“हे कुठं घावलं तुला?”

“पिठाच्या डब्यामागं. खुंटीला होतं.”

आप्पांनी हात लांबवून फडक्याचं टोक धरलं. लाल काठावरून अंगठा फिरवला. मग ते सोडलं आणि ताट ओढून घेतलं. फाटका धपाटा आधी उचलला, दह्यात बुडवला आणि तोंडात घातला.

“…खायलेत,” बजरंग फोनमध्ये कुजबुजला. “राजी, खायलेत… हां. खरं सांगतोय. आता खोटं न्हाई… अर्धा संपला… दही बी घेतलं… चटणी मागायलेत.”

“मीठ न्हाई ह्याच्यात,” आप्पा म्हणाले.

“मीठ न्हाई म्हणायलेत… राहिलंच की गं! तू सांगितलंच न्हाईस… सांगितलतं?… बरं, राहिलं माझं… दुसरा घेतला. करपलेला… बोटं थांबलीत राजी. आता न्हाईत कापायलीत.”

एवढं सांगून बजरंग बाजेच्या पायाशी मटकन खाली बसला. पलीकडे ती रडत होती, हे त्याला श्वासावरून कळलं. त्यालाही रडू आलं असतं, पण आप्पा समोर जेवत होते.

“आता तू… अगं ऐक ना, रडू नको. गेली का ती आंबाजोगाईची?… गेली? खरंच गेली?… लई बेस झालं. पुण्याची कधी सुटायलीय?… पंधरा मिनिटं. रविराज येईल ना स्टँडवर?… भाऊ हाय तुझा, येईल. मंग आता जेवून घे काहीतरी… डबा? काय हाय डब्यात?… भाकर? सकाळची?… आन् ठेचा. न्हाई, काय म्हणायलीस, कालची?… कालची भाकर घेऊन निघालीस तू?… टाकून कशाला द्यायची म्हंजे काय गं? परीक्षेला चाललीस ना तू?”

आप्पांचं जेवणं थांबलं.

“आण इकडं,” ते म्हणाले.

“आँ?”

“फोन आण इकडं, कावून बे, ऐकू येत न्हाई का तुला?”

बजरंगनं फोन बनियनला पुसला आणि दिला. आप्पांनी तो दह्याच्या हातानं कानाला लावला. फोनवर बोलताना ते सभेत बोलल्यासारखे ताठ बसत.

“हॅलो. मी बोलतोय… हां, जेवलो. दोन झाले, तिसरा हाय ताटात… रडायलीस कावून? मी काय मेलोय का?… तब्येत चांगली हाय. तुझा नवरा मीठ घालत न्हाई, तेवढं सोडलं तर ठीक हाय… मेथी जास्त झालीय. आन् वरण चांगलं मुरलेलं हाय कालचं.”

बजरंगनं झटकन वर बघितलं.

“…कोणी न्हाई सांगितलं मला. ह्यानं? हा फोनवर बोलला की अख्ख्या गल्लीला कळतं, ते सोड. मला आधीच म्हाईत हाय… कधीपासनं म्हंजे? गीता होती तवापासनं. बुधवारी वरण उरायचं आन् गुरुवारी धपाटे. इतकी वर्षं खाल्ले, मला कळायचं न्हाई का? मी काय परगावचा पावना हाय?… बोललो न्हाई. कावून बोलू? बोललो असतो तर धपाटे बंद झाले असते.”

पुढचं बोलायच्या आधी त्यांनी ताटातल्या धपाट्याचा एक तुकडा मोडला, खाल्ला नाही, तसाच हातात ठेवला.

“आन् ऐक, सूनबाई. घरात तू नसलीस की मला घर खायला उठतं. गीता गेल्यापासनं तसंच होतंय. म्हणून मी रुसून बसतो. जेवण ते नुसतं निमित्त… हां. गेल्या साली चूक झाली माझी… झाली म्हणतोय ना.”

बजरंगनं खाली मान घातली. रोहिणी ताटली घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. बापाची चूक झाल्याचं आजोबांच्या तोंडून ऐकायला ती सरावलेली होती. आजोबांची स्वतःची चूक ती पहिल्यांदा ऐकत होती.

“ते असू दे. किती टाइम हाय गाडीला?… मंग तो डबा पिशवीत ठेव. ढाबेवाल्याला सांग, गरम भाकर टाक म्हणावं, तव्यावरची. वर शेवेची भाजी घे, कांदा घे… एकटी बाई हायेस तर काय झालं? उद्या पर्यवेक्षिका होऊन गावोगाव हिंडशील, आन् आज एक भाकर मागायला लाजायलीस?… मागव. मी ऐकायलोय. माझ्यासमोर मागव.”

आप्पा फोन कानाला लावून वाट बघत राहिले. बजरंगही वाट बघत राहिला. पलीकडून ढाब्यावरचा गलका, कोणाची तरी हाक, गाडीचा भोंगा, असं सगळं मिसळून बारीक आवाज येत होता. त्यात आप्पांना हवं ते ऐकू आलं असावं, कारण त्यांनी मान हलवली.

“हां. आता कसं. पोटभर जेव, मंग गाडीत बस, आन् पेपर लिहूनच ये… आता आमची काळजी करू नको म्हणलं ना. तू ताजं खा आज. शिळं आमी खाल्लंय हिथं.”

मग त्यांनी दह्याच्या अंगठ्यानं लाल बटण शोधलं, दोनदा चुकीचं दाबलं, तिसऱ्यांदा बरोबर दाबलं, आणि हातातला तुकडा तोंडात टाकला.